आवक-जावक आणि कारभारीचा फोन

बत्तीस वर्षं मी शाळेच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळली. बत्तीस वर्षांत एक कागद गहाळ झाला नाही. शिक्षण खात्याचं पत्र असो नाहीतर सातवीतल्या पोराच्या बापाची रजाचिठ्ठी, क्रमांक टाकला, तारीख टाकली, फाईलला लावली. असा माणूस मी. त्यामुळे संगणकावर मेलचा प्रोग्राम बसवायचा म्हणजे काय मोठं काम, असं मी मागे एका शुक्रवारी दुपारी दोन वाजता माझ्या बायकोला, विजयमालाला सांगितलं. अर्धा तास फार झाला, तोवर तू चहा टाक, म्हणालो.

तो चहा मी सव्वापाचला प्यायलो. तोही कुणाबरोबर, ते पुढे येईलच.

आमची एकुलती एक मुलगी सृष्टी. एम.एस्सी. झाली, नगरला खोली घेऊन राहते. नाशिकच्या एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तिनं लेखी परीक्षा दिली होती. फॉर्म भरताना ती म्हणाली, "बाबा, माझाच मेल देते." मी म्हणालो, अजिबात नाही, अधिकृत पत्रव्यवहार घरातल्या कर्त्या माणसाच्या पत्त्यावर होत असतो. आणि माझा मेल दिला.

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी तिचा फोन. "बाबा, निकाल या आठवड्यात मेलवर येईल. नाव लागलं तर शुक्रवारी पाचच्या आत मुलाखतीला येते असं उत्तर पाठवायचंय. नाहीतर ते पुढच्या नंबरला बोलावतात. तुम्ही बघताय ना?"

"बत्तीस वर्षं काय केलं मी?" म्हणालो.

पण मेल बघणार कशात? माझा मोबाईल शनिवारीच विहिरीत पडला होता. कसा पडला ते विचारू नका. वाकून बघत होतो, एवढं पुरे. बघत होतो कारण तो दिवस कारभारीच्या पाळीचा होता आणि तो किती पाणी उपसतो याची नोंद कुणीतरी ठेवायला नको?

कारभारी म्हणजे माझा धाकटा भाऊ. विहीर सामाईक. विहिरीच्या अलीकडे माझं घर, पलीकडे त्याचं. माझ्या पडवीतून त्याची म्हैस कोणत्या कुशीवर बसलीय तेसुद्धा दिसतं. वडील गेले तेव्हा आम्ही पाण्याचे दिवस वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. पण आठवड्याला दिवस सात. दोघांत वाटले की एक उरतो. त्या उरलेल्या रविवारावरून आमचं जे फाटलं, ते सहा वर्षं झाली, बोलणं बंद. बायकांचं मात्र चालू आहे. ते बंद करायचा मी प्रयत्न केला होता, पण दोन दिवस भाजीत मीठच पडलं नाही, म्हणून सोडून दिला.

रविवारसंबंधी मी तालुक्याच्या कार्यालयाला मेलवरून चौदा अर्ज केले. चौदाही वेळा, आपसात मिटवावे, असं सभ्य उत्तर आलं.

असो. मोबाईल गेला त्याच संध्याकाळी मी बटणांचा साधा फोन घेतला. शाळेनं मोडीत काढलेला एक संगणक मी घरी आणून ठेवला होताच. वस्तीपर्यंत इंटरनेटची वायर यायला गुरुवार उजाडला. सृष्टी सोमवारी विचारत होती, मंगळवारी सकाळी विचारत होती, नंतर तिनं विचारणंच बंद केलं. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीचा बापावर विश्वास बसला.

तर शुक्रवारी दोन वाजता मी प्रोग्राम उघडला. त्यानं नाव विचारलं, दिलं. पत्ता विचारला, दिला. मग विचारलं, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर कोणता आणि जाणाऱ्या टपालाचा कोणता? मला भरूनच आलं. आवक वेगळी, जावक वेगळी. आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्रानं माझ्याशी सरळ शब्दांत बोलायला सुरुवात केली होती. विजयमालाला हाक मारून मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, "मेल आला का?"

"येतोय."

पासवर्ड दिला. तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे. आणि मग पडद्यावर एक चौकट आली. 'हे तुम्हीच आहात याची खात्री करण्यासाठी सूचना पाठवली आहे. त्या फोनवर ६३ हा आकडा दाबा.' त्याखाली कोणत्या फोनवर पाठवली तेही लिहिलं होतं. कारभारीचा फोन.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझं खातं, माझं नाव, आणि खात्री द्यायची कारभारीनं!

मग आठवलं. दहा वर्षांपूर्वी हे खातं काढलं तेव्हा घरात चांगला मोबाईल एकच होता आणि तो त्याच्याकडे होता. खातं त्याच्याच फोनवर काढलं होतं. पुढे त्यानं फोन बदलले, पण दुकानदारानं दर वेळी जुन्यातलं सगळं उचलून नव्यात भरून दिलं. त्या सगळ्यात मीही जात राहिलो.

"जाऊन सांग पुष्पावतीला," मी विजयमालाला म्हणालो, "त्याच्या फोनवर त्रेसष्ट दाबायला लाव म्हणावं."

पुष्पावती म्हणजे त्याची बायको. विजयमाला विहिरीला वळसा घालून गेली. दोन जावा भेटल्या की पहिली दहा मिनिटं कुणाच्या तरी गुडघ्यांत जातात. तोवर पडद्यावरचा त्रेसष्ट गेला आणि एक्केचाळीस आला. मी पडवीतून ओरडलो, "एक्केचाळीस!" ती तिथून ओरडली, "मघाशी तर त्रेसष्ट म्हनालात. धड एक काय ते सांगा."

एक्केचाळीसही गेला. साडेतीन वाजले होते. पाच वाजले की पोरीची जागा दुसऱ्या कुणाची तरी होणार होती, आणि ती का गेली हे तिला सांगायचं मला होतं.

शेवटी मी स्वतः पडवीच्या कडेला उभा राहिलो. कारभारी गोठ्यापुढे बाजेवर बसला होता, मांडीवर मोबाईल. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आभाळाकडे बघून म्हणालो, "मी कुणाला उद्देशून बोलत नाही. नुसता आकडा सांगतोय. सत्तावीस."

तो म्हशीकडे तोंड करून म्हणाला, "आता हिथं असं इचारतंय, खात्यात कुणीतरी शिरायलंय, ते तुमीच हाय का?"

"होय म्हणायचं," मी आभाळाला सांगितलं.

"पन मी तर हिथं बसलोय," तो म्हशीला म्हणाला. "मी कुठं शिरतोय? खोटं कसं दाबायचं?"

"खोटं नाही ते. तशी पद्धत असते."

"न्हाई, मी न्हाई, असंबी एक बटन हाय. ते खरं हाय."

आणि दाबलं! माझ्या डोळ्यांदेखत दाबलं. घरात धावत गेलो तर पडद्यावर लाल अक्षरं. 'परक्या व्यक्तीने तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला. तो रोखण्यात आला आहे.' परकी व्यक्ती म्हणजे मी. जुना पासवर्ड रद्द. नवा पासवर्ड ठरवायचा, आणि तो ठरवायचा कारभारीच्या फोनवर.

पुन्हा पडवीत आलो तर तो म्हशीला सांगत होता, "आता म्हनतंय नवा पासवर्ड टाका. टाकू का?"

"दाबू नकोस काही!" मी ओरडलो. सहा वर्षांनंतर सख्ख्या भावाशी मी बोललेले हे पहिले शब्द.

विहिरीला वळसा घालून मी त्याच्या अंगणात गेलो. सहा वर्षांत तिथे फरशी बसली होती, हे मला माहीत होतं, पण पायाखाली पहिल्यांदाच आली. घड्याळात चार वीस झाले होते. माझं डोकं चालत नव्हतं. नाशिकच्या कचेरीत कुणीतरी सृष्टीच्या नावावर रेघ मारतंय, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

"रविवार घे," मी म्हणालो.

कारभारीनं म्हशीकडून माझ्याकडे मान वळवली. "काय?"

"रविवार तुझा. आजपासून कायमचा. लिहून देतो. पण ते खातं उघडून दे."

पुष्पावतीनं वही आणून दिली. मी उभ्याउभ्या लिहून दिलं, खाली सही केली, तारीख टाकली. त्यानं कागद नीट वाचला, चौघडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चल."

माझ्या घरात तो सहा वर्षांनी आला आणि थेट माझ्या खुर्चीशेजारी बसला. नवा पासवर्ड ठरला. चौकट आली, अठरा दाबा. माझ्या खात्यात मी शिरतोय आणि शेजारी बसून 'होय, मीच तो' असं दाबतोय कारभारी! तुम्हीच सांगा, ही कुठली पद्धत?

पण टपाल उतरू लागलं. शेकड्यांनी उतरू लागलं. खाली खाली जात कंपनीचं पत्र सापडलं. मंगळवारी सकाळी आलेलं. सृष्टीचं नाव लागलं होतं, मुलाखत पुढच्या सोमवारी. न वाचलेलं टपाल या प्रोग्रामात ठळक दिसतं. हे ठळक नव्हतं. आणि शेजारी उत्तर दिल्याचा बाण होता.

मी जावक उघडली. मंगळवार, दुपारचे बारा.

'साहेब, आमची सृष्टी सोमवारी मुलाखतीला नक्की येईल. तिचा काका, कारभारी.'

ना विषय, ना संदर्भ, ना जावक क्रमांक!

"हे तू पाठवलंस?"

"व्हय."

"माझ्या खात्यातून? मला न विचारता?"

"इचारू कसं? तू बोलत कुठं हुतास?"

जागा गेली नव्हती. एवढं कळलं खरं. पण आनंद व्हायला आत जागा शिल्लक नव्हती, तिथे आधीच संताप येऊन बसला होता.

"अरे, मग मघाशी सांगायचं. मी रविवार लिहून देत होतो तेव्हा तरी."

"मी कुठं मागितला हुता?" तो म्हणाला. "मला वाटलं, दादाला देवानं बुद्धी दिली. मधी कशाला बोलायचं."

मग माझ्या डोक्यात दुसरा उजेड पडला. "म्हणजे माझं सगळं टपाल तुझ्या फोनवर येत होतं?"

"येतंय की. तुजे चौदाबी अर्ज वाचलेत मी. अकराव्यात तू लिवलंय, मी माघ महिन्यात लपून मोटर चालवली. त्या रातीला मी नेवाशाला लग्नाला गेल्तो. तूबी हुतास की, माझ्याच म्होरल्या पंगतीत."

विजयमालानं तेवढ्यात दोघांपुढे चहा ठेवला. मी तिला म्हणालो, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला काय ठाव? मला दोनला चहा टाकायला सांगितलं हुतं, तो आता दिला." आणि आत गेली. इतक्या लगबगीनं आत जाणारी बाई निर्दोष नसते.

सृष्टीला फोन लावला. तिला मंगळवारीच कळलं होतं, काकांनी सांगितलं होतं. "मला का नाही सांगितलंस?" विचारलं तर म्हणते, "बाबा, त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" मी म्हणालो होतो, हे खरं आहे. पण पोरीनं सगळ्या आयुष्यात माझं काय ऐकलंय, तर नेमकं हे एकच?

दुसऱ्या दिवशी मी कारभारीचा फोन खात्यातून काढून टाकायला बसलो. चौकट आली. खात्री करण्यासाठी सूचना पाठवली आहे, कारभारीचा फोन. पलीकडून त्यानं 'नाही, मी नाही' दाबलं. तो नाद मी सोडून दिला.

मुलाखत चांगली झाली. अंतिम निवडही मेलवरच कळणार होती आणि या वेळी माझा निश्चय पक्का होता. पहिली बातमी मी वाचणार, मी सृष्टीला कळवणार, पेढे मी वाटणार. प्रोग्राम दर तासाला टपाल उतरवेल असं ठेवलं. शाळेत टपाल दिवसातून एकदाच यायचं, त्यामानाने तासाला म्हणजे चैनच होती. काल सकाळी आठपासून संगणकापुढे बसलो होतो. दहाला काही नाही. अकराला काही नाही.

अकरा पन्नासला पुष्पावती ताट घेऊन दारात. "भाऊजी, तोंड गोड करा."

"कशाचे पेढे?"

"आता गं बाई. सृष्टीला नोकरी लागली न्हवं? ह्यांनी मघाधरनं सगळ्या वस्तीला वाटलं. तुमचं घर मुद्दाम शेवटाला ठेवलं. म्हनले, दादाला काय, मेल आलाच आसंल."

मुलगी माझी, खातं माझं, आणि आख्ख्या वस्तीत ही बातमी सगळ्यात शेवटी मला. मी पेढा तोंडात टाकला. चांगला होता, खोटं कशाला सांगू. संताप जरा निवळल्यासारखा वाटला म्हणून मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"संपले, भाऊजी," ती म्हणाली.