तीस सेकंदांची चाचणी

पर्सनल ट्रेनर होऊन धाकट्याला सहा महिने होत आले होते. प्रमाणपत्राला फ्रेम झाली होती, छातीवर 'ट्रेनर' लिहिलेले चार टी-शर्ट शिवून झाले होते, गळ्यात शिट्टी आली होती. नव्हता तो फक्त ट्रेन करायला माणूस.

वडिलांचं रंगाचं दुकान होतं आणि थोरला तिथे केव्हाच चिकटला होता. वडिलांनी धाकट्याला सरळ सांगितलं होतं, "सहा महिने तुझे. एक जरी माणूस कायमचा मिळाला, तर मी पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाही मिळाला, तर एक तारखेला सकाळी नऊला गल्ल्यामागे उभं राहायचं."

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. आणि आजच त्याला एका घरून बोलावणं आलं होतं.

घर चौथ्या मजल्यावर. गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, एकतीस वर्षं जहाजावर आचारी होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन जमिनीवर आले होते. दार उघडलं ते काकूंनी. "यांना जरा हलवा बाबा," एवढं म्हणून त्या पिशवी घेऊन बाजारात गेल्या.

धाकट्याने शिट्टी नीट केली. पुस्तकात लिहिलं होतं की आधी चाचणी, मग व्यायाम. "काका, चष्मा काढा. घड्याळ काढा. कानातलं मशीनही काढून ठेवा, घामानं खराब होतं."

"मग मला तुमचं ऐकू कसं येणार?"

"मी सगळं आधीच सांगतो ना! एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे. काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत आणि पाय टेकवायचा नाही. मी खांद्यावर हात ठेवला की संपलं. तुमच्या वयाला दहा सेकंद जमलं तरी पुष्कळ. तीस म्हणजे कमाल."

काकांनी मान डोलावली, मशीन काढून टेबलावर ठेवलं, डावा पाय उचलला आणि डोळे मिटले. धाकट्याने फोनवर वेळ लावली आणि फोन मशीनशेजारी ठेवला.

दहा झाले. वीस झाले. तीस झाले. काका खांबासारखे उभे. चाळिसाव्या सेकंदाला धाकट्याच्या अंगावर काटा आला. हा माणूस कुठवर जातो ते बघायलाच हवं! पण पडले तर? जाड गादी बॅगेत होती आणि बॅग दाराबाहेर चपलांपाशी. त्याने एक पाय घरात ठेवून हात लांबवला. बॅग चार बोटं लांब राहिली. त्याने दुसराही पाय बाहेर काढला. तेवढ्यात वाऱ्याने आपलं काम केलं आणि दार धाडकन लागलं.

दाराला लॅच होतं. फोन आत होता. धाकट्याने बेल दाबली, दार बडवलं, हाका मारल्या. मग त्याला आठवलं की कानातलं मशीन आपणच काढायला लावलंय. दाराशेजारच्या खिडकीतून त्याने हात हलवले. मग आठवलं की डोळेही आपणच मिटायला लावलेत. खांद्यावर हात ठेवल्याशिवाय काका थांबणार नव्हते आणि खिडकीच्या गजातून घातलेला हात खांद्यापासून चांगला दहा फूट लांब राहत होता.

आवाज ऐकून समोरची शेजारीण बाहेर आली. तिने खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! यांना काय झालं?"

"काही नाही, चाचणी चालू आहे. ट्रेनर मी त्यांचा."

"मग तुम्ही बाहेर कसे?"

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. शेजारणीने काकूंना फोन लावला. "निघालेच" असं उत्तर आलं. धाकट्याने पायातला मोजा काढून गोळा केला. "हा हळूच खांद्यावर मारतो."

"आणि दचकून पडले म्हणजे? या वयात कंबर मोडली की संपलं!"

धाकट्याने मोजा परत पायात घातला. पहिलंच गिऱ्हाईक आणि तेही मोडून ठेवलं, तर दुकानातसुद्धा कोणी उभं करणार नाही. वरच्या मजल्यावरचे बँकवाले उतरले, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका चढल्या, आणखी दोघं-तिघं आले. खिडकीपाशी गर्दी झाली आणि सगळे कुजबुजत बोलू लागले. ज्या माणसाला दार बडवलेलं ऐकू येत नव्हतं, त्याला त्रास होऊ नये म्हणून!

"किती वेळ झाला?" बँकवाल्यांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं तरी झाली असतील."

"बाप रे! मला विजार घालतानासुद्धा भिंत लागते."

सगळे पुन्हा खिडकीतून बघू लागले. एक साधा म्हातारा माणूस, बनियनवर, एका पायावर, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. शिक्षिकांनी नकळत हात जोडले. धाकट्याने जिममध्ये दंडावर मांजराएवढे गोळे असलेले लोक पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं. भीती तर होतीच, पण तिच्याही वर काहीतरी दाटून आलं होतं. आपण फार मोठ्या माणसासमोर उभे आहोत आणि याला शिकवायला आलो होतो, या विचाराने त्याला आपल्याच टी-शर्टची लाज वाटली.

एवढ्यात काकू आल्या. त्यांनी खिडकीतून एकवार पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "अहो, झोपलेत ते!"

"झोपलेत?" सगळे एकदम ओरडले.

"जहाजावर भट्टीपुढे उभ्या उभ्या झोप काढायची सवय. एक पाय अवघडला की दुसरा. समुद्र खवळला तरी पडले नाहीत, म्हणे. हात नका लावू कोणी. मी उठवते."

काकूंनी कुलूप उघडलं, स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि पावाचा तुकडा चिमट्याने ज्योतीवर धरला. करपल्याचा वास दिवाणखान्यात पोचायची खोटी, काकांनी डोळे उघडले, "आच कमी करा!" म्हणून गर्जना केली आणि डावा पाय अलगद जमिनीवर ठेवला. मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "झाले का तीस सेकंद?"

फोनवर बावीस मिनिटं अकरा सेकंद झाले होते.

"सर, किती दिवस शिकवताय यांना?" बँकवाल्यांनी विचारलं.

"आज पहिलाच दिवस. पण मी काहीच केलं नाही हो. मी तर बाहेर होतो."

"बघा, केवढा साधेपणा!" शिक्षिका म्हणाल्या. "माझं नाव लिहून घ्या."

"माझंही," बँकवाले म्हणाले. शेजारणीने आपलं आणि नवऱ्याचं, अशी दोन्ही नावं सांगितली. तोवर काकूंनी दिलेलं मशीन काकांनी कानात घातलं होतं. धाकटा मात्र त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता. "काका, तुम्हाला मी काय शिकवणार?"

काकांनी त्याच्याकडे येण्यासाठी पाऊल टाकलं. दुसऱ्याच पावलाला ते झोकांडले आणि त्यांनी त्याचाच खांदा घट्ट धरला.

"एका पायावर उभं राहणं जमतं हो मला," ते हळूच म्हणाले. "दोन पायांवर चालणं जमत नाही. ही जमीन मेली हलतच नाही, माझा तोल जातो. दोन वर्षं घराबाहेर पडलो नाही. उद्यापासून रोज येशील?"

धाकट्याने खांदा तसाच घट्ट ठेवून हो म्हटलं.

खाली उतरल्यावर त्याने वडिलांना फोन लावला. "बाबा, मिळाले. एक नाही, पाच."

"एका दिवसात पाच? असं केलंस तरी काय?"

धाकट्याला खोटं बोलता येत नसे. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडे दोन डबे सरकवल्याचा आवाज आला.

"म्हणजे तू दाराबाहेर होतास, म्हणून हे सगळं झालं."

"हो, बाबा."

"मग आमच्याही दुकानाच्या बाहेरच राहा रे बाबा," वडील म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आमचंही भलं होईल."