राजाध्यक्षकाकांचा तिसरा रकाना

मागच्या महिन्यात सिंगापूरमधल्या आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकची लिफ्ट वीस मिनिटं बंद पडली. आत राजाध्यक्षकाका आणि सातव्या मजल्यावरच्या चिनी आंटी. दार उघडलं, तेव्हा आंटी स्वतःच्या नाकावर बोट ठेवून म्हणत होत्या, "नाख!"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून काकांना रोमा लोकांच्या भाषेचं वेड लागलंय. कुणी चुकून 'जिप्सी' म्हटलं, की काका चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे वळतात. "रोमा म्हणायचं. आपल्याकडूनच युरोपात गेलेली माणसं. नाकाला नाख, पाण्याला पानी, दिवसाला दिवेस, माणसाला मनुश. गावाला तर गावच! हजार वर्षं, सुनीताबाई, हजार!"

दर बुधवारी ते एका रोमा बाईंकडे ऑनलाइन शिकतात. पहिल्याच तासाला काका गहिवरून म्हणाले, "तुम्ही तर आमच्याच!" बाई म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी गृहपाठ दाखवा."

गृहपाठाच्या वहीचा नियम एकच: मराठीशी जुळणारे शब्दच लिहायचे. एका रविवारी वही टाइप करून द्यायला मी त्यांच्याकडे बसले होते. याद्या हे माझं काम. मंडळाच्या गणपतीपासून पिकनिकपर्यंत सगळ्या माझ्याकडेच असतात. रकाने तीन. मराठी, रोमानी आणि 'इरा'. इरा म्हणजे जुरोंग ईस्टला राहणारी त्यांची नात, वय वर्षं आठ. तिच्या रकान्यात काही बरोबरच्या खुणा, बाकी कोरं.

तेवढ्यात ती आलीच.

"आजोबा, so hot lah! Water!"

काका बाटली धरून उभे. देईनात. इरानं डोळे फिरवले.

"ओके, ओके. पाणी."

काकांनी बाटली दिली, माझ्या हातातली वही ओढून खूण केली. ती टीव्हीकडे पळाली.

"हजार वर्षं, इतके देश, तरी त्यांनी पाणी सांभाळलं," काका हळूच म्हणाले. "आमचं क्लेमेंटी ते जुरोंगमध्येच सांडतंय."

मी टायपिंगकडे वळले. शेवटची ओळ: आजोबा – पापो. पुढे इराच्या रकान्यात खुणाच खुणा, समासापर्यंत गेलेल्या.

"काका, हा शब्द जुळत नाही. तुमच्याच नियमात बसत नाही. काढू?"

"राहू दे," काका चष्मा पुसत म्हणाले. "तेवढा एकच ती न मागता म्हणते."