कमोडवरची फुलदाणी

घर कसं बदलावं हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! सामान हलवायच्या आधी महिनाभर मी दिसेल त्याला हेच ऐकवत होते. चाकाच्या खुर्चीत बसून मी जे नियोजन केलं होतं, ते दोन पायांवर धावणाऱ्यांना सात जन्मांत जमलं नसतं. दाराशी उतार करून घेतला, दिव्याची बटणं खाली आणली, न्हाणीघराचा दरवाजा खुर्ची जाईल एवढा रुंद केला. ऑफिस दोन गल्ल्यांवर. आणि मुख्य म्हणजे आईचं घर चांगलं लांब! मी हवा तेवढा वेळ दिवा चालू ठेवणार आणि "झोपलीस का गं?" असं विचारायला कोणी नसणार.

एकच गोष्ट राहून गेली. मावशी.

मला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं, आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, हे सगळं मावशी करायच्या. त्या यायच्या मदत केंद्राकडून. नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी मी पलंगावर पडून वाट बघतेय, तर त्यांचा फोन!

"ताई, मला नाही येता यायचं. तुम्ही नाल्याच्या पलीकडे गेलात."

"अहो, नाला तो केवढा! उडी मारली की पार!"

"मी मारेन हो. पण आमच्या केंद्राची हद्द तिथे संपते."

नव्या हद्दीतल्या केंद्राला फोन लावला. ते म्हणाले, आधी आमचे तपासनीस घरी येऊन बघणार, तुम्हाला काय जमतं आणि काय जमत नाही. मग ठरवणार.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जमवा काहीतरी!"

जमवायला आई आली. येताना दोन पिशव्या आणि एक अट घेऊन आली. "हे बघ, मदतीचं नाही जमलं तर मुकाट्याने घरी परत यायचं. तुला रोज उचलण्याइतकी माझी कंबर आता राहिलेली नाही."

म्हणजे माझं सगळं बिऱ्हाड त्या तपासनिसाच्या हातात!

पण घरी कोणी येणार म्हटलं की आईच्या अंगात येतं. तपासनीस येणार त्या दिवशी सकाळपासून झाडझूड. मला ठेवणीतला ड्रेस, कानांत डूल, गालांना पावडर. पलंगाच्या कठड्यांवर रंगीत चादर. कमोडच्या खुर्चीवर टेबलक्लॉथ आणि वर फुलदाणी!

"आई, तो पाहुणा नाहीये! मला काय काय जमत नाही, ते त्याला दिसायला हवं!"

"परक्या माणसाला असं घर दाखवायचं? लाज नाही वाटत?"

तपासनीस आले. हातात पेन, चेहऱ्यावर घाई. आईने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला आणि पहिला प्रश्न टाकला, "सकाळी स्वतः उठता?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "उठते म्हणजे? टुणकन!"

"नाही उठत!" मी ओरडले.

"लहानपणापासून अशीच आहे हो. पहिला नंबर आला तरी घरी सांगायची नाही!"

"आंघोळ?"

"बघा ना, कशी लख्ख दिसतेय!"

साहेब भराभर लिहीत होते आणि मला घाम फुटत होता. पावडर ओघळली. "साहेब, मला रोज आई उचलते! आई, सांग ना!"

"मग आई आहेतच की," साहेब म्हणाले.

"आहेच मुळी!" आई फुशारली. "दाखवू का उचलून?"

आणि बाह्या सरसावून ती माझ्यावर वाकली. कट्‌ असा आवाज झाला. मी होते तिथेच, आई मात्र माझ्या गळ्यात अडकलेली!

"हलू नकोस गं!" आई कळवळली.

"मला हलता येत असतं तर हे साहेब कशाला आले असते!"

साहेबांनी धावत जाऊन आईला सोडवलं, माझ्या पलंगावर आडवं केलं. आता आईची काळजी कोण घेणार? मीच! खुर्ची पळवली, मांडीवरून उशी आणली, डॉक्टरांना फोन केला, शेकायची पिशवी भरली. साहेब कौतुकाने बघत राहिले. चहाचा कप त्यांनी फुलदाणीशेजारी ठेवला.

"टेबल छान आहे," ते म्हणाले.

"कमोड आहे ते," मी म्हटलं. उरलेला चहा त्यांनी काही घेतला नाही.

मधले दिवस जुन्या मावशींनी काढून दिले, पहाटे चोरून नाला ओलांडून. आणि मग केंद्राचा फोन आला. मदत मंजूर! मी आनंदाने किंचाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आई भिंतीला धरून, वाकूनच दारापाशी गेली. नवी मावशी आत आली आणि थेट आईचा हात धरून म्हणाली, "चला आजी, आंघोळ उरकू."

"मला नाही, हिला!"

"छे! यांचं या करतात ना? आईलासुद्धा एकटीने सांभाळतात, असं सांगितलंय केंद्रात. मदत तुम्हाला मंजूर झालीय, आजी."

मी पडल्या पडल्या केंद्राला फोन लावला. "अहो, चूक झालीय!"

"दुरुस्त करू. पण तोपर्यंत आजींची मदत बंद करावी लागेल. करू?"

"नको!" मी म्हटलं. काय करणार? मावशी मनाने चांगली. आईची कंबर चोळली की "आता आलेच आहे तर" म्हणून मलाही उचलून बसवते, आंघोळ घालते. फक्त आई इथे राहायला हवी. ती राहिली आहे. माझ्याच खोलीत झोपते. रोज विचारते, "झोपलीस का गं?"

तिची कंबर कधीच ठणठणीत झाली. पण सकाळी बेल वाजली की मला पलंगावरून ओरडावं लागतं, "आई, वाक!"

अखेर मी फेरतपासणी मागितली. उद्या तेच साहेब येणार आहेत. या वेळी एक शब्द बोलणार नाही, अशी शपथ आईने घेतली आहे.

नवीन टेबलक्लॉथ मात्र ती आजच घेऊन आली.