शंभर शेअर आणि एक कॅरम

"एका नोंदीत परत आणतो की नाही बघ त्याला!" बायकोला असं ठणकावून ताळेबंदराव घराबाहेर पडले. या अकाउंटंटला अख्खी गल्ली ताळेबंदरावच म्हणायची.

आणायचं होतं घड्याळवाल्याला. जन्माचा दोस्त, रोज संध्याकाळी कॅरमला यायचा. दुकानासाठी त्याने ताळेबंदरावांकडून पैसे घेतले, धंदा चालेना, आणि गडी लाजेने यायचाच बंद झाला! तेव्हापासून ताळेबंदराव दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे. राणी घेतली तरी "वा!" म्हणणारं कोणी नाही. जिन्यात पाऊल वाजलं की जीव नुसता दाराशी जायचा, आणि निघायचा तो वरच्या मजल्यावरचा वकील!

"लेका, कर्ज विसर!" दुकानात शिरताच ते म्हणाले. "त्या पैशांचे मी तुझ्या धंद्यातले शंभर शेअर घेतले. आता तू देणेकरी नाहीस, मी भागीदार! परत मागायचा प्रश्नच नाही!"

घड्याळवाल्याचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी स्वारी हजर! बोर्डावर पावडर पडली, सोंगट्या लागल्या. पण सवय कुठे गप्प बसते?

"भागीदार म्हणून सहज विचारतो हं," ताळेबंदराव म्हणाले. "प्रति शेअर कमाई किती पडली?"

घड्याळवाल्याने स्ट्रायकर खाली ठेवला आणि चहा न घेताच तो उठला.

"अहो, माणूस घरी आला होता की कंपनी?" बायको कडाडली.

आठवडा गेला. जिना सुनाच. शेवटी ताळेबंदराव स्वतःच दुकानात गेले, तर त्यांना बघून घड्याळवाला काउंटरखाली! दुकानात नेमकी त्याच दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी.

"अरे, तोटा असू दे!" ताळेबंदराव कळवळून ओरडले. "सगळं भांडवल बुडीत धरलंय मी! एक पैसा येणार नाही, मला माहीत आहे! पण तू घरी ये रे!"

पुढचं काही कोणी ऐकलंच नाही. "बुडालं? दुकान बुडालं?" एकच गलका! "माझं घड्याळ द्या आधी!" "माझंही!" ताळेबंदराव जेवढं हात जोडून समजावत होते, तेवढं लोकांना जास्तच खरं वाटत होतं. बघता बघता दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं परत गेली. भिंतीवर उरले फक्त खिळे.

ताळेबंदरावांचं तोंड एवढंसं झालं. घड्याळवाला काउंटरखालून वर आला, त्याने खिळ्यांकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटला.

"झालं समाधान? आता कामच नाही मला. चल, बोर्ड काढ! पण हिशेब विचारलास तर बघ!"

"नाही विचारणार. तुझ्याशिवाय करमत नाही रे," ताळेबंदराव पुटपुटले.

त्या संध्याकाळी डाव रंगला. घड्याळवाल्याने राणी घेतली. "वा!" ताळेबंदराव केवढ्यांदा ओरडले!

"कितीने पुढे आहे मी?" त्याने विचारलं.

"कोणी मोजलंय!" ताळेबंदराव म्हणाले.

सातने होता. पण सांगतो कोण!