तिसऱ्याचं नुकसान

चौसाळ्यात बसस्टँडसमोर हरिओमचं 'संस्कृती डिजिटल' नावाचं दुकान होतं. नाव मुलीचं, भांडवल सासऱ्याचं आणि मत हरिओमचं. वाढदिवस, निवड, फेरनिवड, उद्घाटन, दशक्रिया, अशा सगळ्या प्रसंगांचे फ्लेक्स तिथे छापले जात. संगणकावर बसून माणसांचे चेहरे गोरे करायचं काम हरिओमची बायको ऋतुजा करी. छापायचं आणि चौकात नेऊन बांधायचं काम हरिओमकडे होतं.

ऋतुजाचा चुलतभाऊ रविराज नेकनूरला विम्याचं काम करायचा. तो दुकानात आला की हरिओम उगाच मशीन चालू करायचा, म्हणजे काही ऐकू येत नसे. त्या दिवशी मात्र वीज गेली होती, त्यामुळे ऐकून घ्यावं लागलं.

"दाजी, दुकानाचा विमा काढून टाका."

"दुकानाला काय व्हायलंय?"

"आग लागंल, पाणी शिरंल. त्ये सोडा, तुमी रस्त्यावर एवढाले बोर्ड लावता. कुणाच्या अंगावर पडला तर? तिसऱ्याचं नुकसान म्हणतेत त्याला. त्ये बी विम्यात येतं."

"हा तिसरा कोण?"

"त्ये आधी कळत न्हाई. झाल्यावर कळतं."

"म्हंजी ज्याला मी वळखत बी न्हाई, त्याच्यासाठी हप्ता भरू. कावून?"

रविराजने बहिणीकडे पाहिलं. ऋतुजा म्हणाली, "काढा की. मी बी कवाची तेच म्हणायले."

"गरज पडली की काढू," हरिओम म्हणाला. "गरजेच्या आधी घेतलेली वस्तू घरात नुसती पडून राहती."

गरज नेमकी कधी पडते, हे रविराजला समजावून सांगायचं होतं. पण तेवढ्यात वीज आली आणि मशीन सुरू झालं.

पुढच्याच आठवड्यात विजयसिंह दादांचा वाढदिवस आला. दादा पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहणार होते, त्यामुळे यंदा त्यांचा जन्म जरा मोठ्या प्रमाणावर झालेला असणं गरजेचं होतं. दादांचा उजवा हात म्हणजे शहादेव. तो दुकानात येऊन सांगून गेला, "चौकात दादाच्याहून मोठा फोटो कुणाचाच दिसता कामा न्हाई. देवाचा सोडून."

हरिओमने फ्लेक्स मोठा छापला, पण चौकट जुनीच होती. तिला दोन्ही बाजूंनी बांबू जोडून तारेने आवळले. चौकात खड्डे घ्यावेत तर रस्ता नवा सिमेंटचा. म्हणून चौकटीचे पाय दगडांनी दाबले आणि वरची टोकं शेजारच्या कडुलिंबाच्या फांदीला बांधली. आता एकच काम राहिलं होतं. मोठ्या फ्लेक्सला जागोजागी चंद्रकोरीसारख्या चिरा पाडाव्या लागतात, म्हणजे वारा आरपार जातो आणि फ्लेक्स जागेवर राहतो. हरिओम शिडीवर चढला आणि त्याने ब्लेड काढलं.

"काय करायलास?" खालून शहादेवने विचारलं.

"चिरा पाडायलोय. वारं जायला."

ब्लेड दादांच्या डाव्या गालावर टेकलेलं होतं.

"वाढदिवसाच्या दिवशी दादाचं तोंड फाडतो का बे?"

"मग खालच्या अंगाला पाडतो."

खालच्या अंगाला शुभेच्छुकांचे फोटो होते आणि त्यांत पहिला फोटो शहादेवचा होता. शहादेवने वर पाहत थोडा विचार केला.

"तिथं बी नको," तो म्हणाला.

हरिओमने ब्लेड खिशात ठेवलं आणि तो खाली उतरला. वाऱ्याला जायला वाट राहिली नाही.

दुपारी दगडाबाई आपली म्हैस हौदावर पाणी पाजायला घेऊन चालली होती. चार जनावरं राखून, दूध घालून तिचं घर चालायचं. त्याच वेळी हायवेच्या बाजूने वाऱ्याचा एक झोत आला. फ्लेक्स फुगला, लिंबाची फांदी मोडली आणि दादा बांबू सोडून निघाले ते थेट म्हशीच्या अंगावर. म्हशीने मान झटकली, तशी तिची दोन्ही शिंगं दादांच्या दोन्ही गालांतून बाहेर आली. शहादेवने पाडू न दिलेल्या चिरा अशा रीतीने पडल्या.

म्हशीला पुढचं काही दिसेना. ती आधी शेजारच्या आसारामच्या हॉटेलात शिरली. दुधाचं पातेलं आडवं झालं, भज्यांची परात पालथी पडली, आणि दोन गिऱ्हाइकं चहाचे कप हातात धरून टेबलावर चढली. तिथून ती रस्त्यावर आली आणि ग्रामपंचायतीकडे वळली. तिच्यामागे दगडाबाई, दगडाबाईमागे आसाराम, आसारामामागे हरिओम आणि त्याच्यामागे ज्यांना काम नव्हतं ते सगळे.

ग्रामपंचायतीसमोर वाढदिवसाचा मंडप होता. दादा दिसले की वाजवायला लागा, असं बँडवाल्यांना सांगून ठेवलेलं होतं. वळणावर दादांचा हसरा चेहरा दिसला, मागे पळणारी गर्दीही दिसली. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. तोवर म्हैस नुसती चालत होती, आता ती उधळली. खुर्च्यांवरची मंडळी सवयीने उठून उभी राहिली, त्यामुळे मधली वाट मोकळी झाली. म्हैस लाल गालिच्यावरून सरळ स्टेजवर गेली आणि केकमध्ये पुढचे दोन्ही पाय रुतल्यावर थांबली.

दगडाबाई धापा टाकत पोचली. "ये माय, ये," एवढंच ती म्हणाली. म्हैस शांतपणे तिच्याकडे निघाली. जाताना तिने मंडपाचा एक खांब घासला. मंडपाचा अर्धा भाग खाली बसला, आणि त्याच वेळी दादांची गाडी आली.

दादांना राजकारण कळत होतं. त्यांनी केकवरचे खुरांचे ठसे पाहिले, मोबाईल काढून उभी असलेली पोरं पाहिली आणि माईक मागवला. "गोरगरिबांचं नुकसान झालंय," ते म्हणाले. "प्रत्येकाला भरपाई मिळाली पाहिजे. हा विजयसिंहचा शब्द हाय." टाळ्या पडल्या. हरिओमनेही टाळ्या वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळी दुकानाच्या बाकावर आसाराम, मंडपवाला आणि दगडाबाई येऊन बसले. पाठोपाठ शहादेव आला.

"लई मोठं मन दादाचं," हरिओम म्हणाला.

"हाय ना. दादांनी शब्द दिला. आता भरपाई तू दे."

हरिओमने आत जाऊन रविराजला फोन लावला. "रविराज, तू म्हणलास त्यो विमा काढ. लगेच काढ. फकस्त तारीख कालची टाक."

"दाजी, कालच्या तारखेचा विमा मिळत असता तर कुणी उद्याचा काढलाच नसता," रविराज म्हणाला.

हरिओम बाहेर आला. दगडाबाईने म्हैस दुकानासमोरच बांधली होती. म्हशीच्या कानातला विम्याचा पिवळा बिल्ला त्याला दिसला.

"मावशी, म्हशीचा विमा हाय की तुमच्या."

"हाय. कर्जाच्या वक्ताला ब्यांकेनं काढायला लावलता."

"मग मला कावून मागता? तिकडून घ्या की."

"त्येचे पैसे ती मेल्यावर मिळतेत, लेकरा. ती तर उभी हाय. नुसती भेदरली, दूध देईना."

हरिओम म्हशीकडे बराच वेळ बघत राहिला.

"असं बघू नका तिच्याकडं," ऋतुजा हळूच म्हणाली.

भरपाईत हरिओमची मोटारसायकल गेली. ऋतुजाने दुसऱ्या संगणकासाठी साठवलेलंही गेलं. ती काही बोलली नाही. तिने बोलावं असं हरिओमला दोन दिवस वाटत राहिलं, कारण गप्प बसलेल्या बायकोपुढे बाजू मांडता येत नाही. तिसऱ्या दिवशी शहादेव पुन्हा आला. दादा नुकसानग्रस्तांच्या पाठीशी खंबीर उभे राहिले म्हणून गावातर्फे आभाराचा फ्लेक्स हवा होता. फुकट. ऋतुजाने दगडाबाईचा, आसारामचा आणि खाली शहादेवचा फोटो टाकला, हरिओमने छापला. बांधताना मात्र त्याने कुणालाही न विचारता शहादेवच्या दोन्ही डोळ्यांखाली चिरा पाडल्या.

मग रविराजला बोलावून विमा काढला. आगीचा, पाण्याचा, चोरीचा, आणि बोर्डामुळे दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं तर त्याचाही. हरिओमने लोखंडी चौकट करून घेतली, दर बोर्डाला चिरा पाडल्या, गाठी तपासल्या. जेवताना तो बायकोला म्हणाला, "आता येऊ दे कसलं बी वारं."

वारं आलं ते जूनच्या सुरुवातीला. शाळेवरचे पत्रे उडाले, हायवेला बाभळी आडव्या झाल्या. वारा थांबताच हरिओम पायीच निघाला आणि गावातला प्रत्येक बोर्ड पाहून आला. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. ऋतुजा घाबरून उठली. त्याने तिच्याकडे न बघता रविराजला फोन लावला.

"लई वारं सुटलं हितं."

"पडलं का काय, दाजी?"

"न्हाई ना. एक बी बोर्ड न्हाई पडला. कुणाच्या कोंबडीला बी न्हाई लागलं."

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं? वरीसभराचा हप्ता भरलाय मी. त्यो वायाच गेला म्हणायचा का मग?"

ऋतुजाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"रवी," ती म्हणाली, "ह्यांच्या जिवाचा बी विमा काढायचाय. त्यो कवापासून लागू होतो, तेवढं सांग."