आंघोळीचं आमंत्रण

लातुरात पाहुण्याला चहा कुणीही पाजेल. आंघोळीला बोलावणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे शेजारी मन्मथअप्पा. ज्या गावात नळाची वाट बघण्यात आठवडा जातो, तिथे हा गृहस्थ सकाळी धोतर सावरत फाटकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "आंघोळ झाली का? न्हाई ना? मग या की आत, पाणी तापलंय!" नवखा माणूस घाबरून पाय उचलायचा. गल्लीतले लोक मात्र खांद्यावर टॉवेल टाकूनच बाहेर पडत.

अप्पांची सगळी जिंदगी गंजगोलाईच्या बाजारात साबण-सोडा विकण्यात गेली. दुकान आवरलं आणि त्यांना एकाच प्रश्नाने पछाडलं. रामराम राहिला बाजूला, भेटेल त्याला विचारायचे, "तुमचं पाणी कुठं जातंय हो?" मी, आई आणि बायको त्या गल्लीत राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी बायको त्यांच्या तावडीत सापडली.

"मोरीतून गटारात," ती म्हणाली.

"आन् गटारातून?"

"नाल्यात."

"आन् नाल्यातून?"

ती नाल्याच्या दिशेला बघायला लागली.

"मांजरा नदीत!" अप्पा खूश होऊन म्हणाले. "नदी एकट्या कारखान्यांनी न्हाई नासली, बाई. त्यांचं हायेच. शेतातलं खत, औषध, तेबी वाहून येतंय. पण आपण समदे रोज बादली बादली घाण देऊन राहिलो, त्याचं काय? त्यातला निम्मा फेस तर माझ्याच दुकानातला असंल!"

त्यांच्या न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडायचं, तिथे काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने, लग्न होऊन आल्या आल्या कर्दळ लावली होती. तेव्हा ती घरोघर असायची. कर्दळ, अळू, नाहीतर एखादी केळ. पुढे गल्लीत गटारं आली आणि सगळ्यांनी ती उपटून टाकली. अप्पांनी काकूंची कर्दळ ठेवली आणि तिच्याभोवती आपला कारखाना मांडला. आधी एक हौद. त्यात केस, धागे, गाळ खाली बसायचा आणि तेलाची साय वर यायची. मग खडी, मग वाळू, आणि त्या वाळूत कर्दळीचं दाट बन. शेवटच्या टाकीत मासे सोडलेले. तिथवर नितळ झालेलं पाणी संडासाला, अंगण धुवायला आणि सीताफळीला जायचं. पाहुणा आला की अप्पा ते काचेच्या ग्लासात भरून त्याच्या नाकाशी धरत. "वास घ्या. येतोय का?" पाहुणा भिडेखातर पिऊन टाकेल या धास्तीने काकू मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी नको-नको करत.

मग काकू गेल्या. मुलं आधीच पुण्याची झाली होती. एकट्या माणसाच्या आंघोळीवर कर्दळ सुकायला लागली, आणि अप्पा फाटकात उभे राहायला लागले. मी एकदा म्हटलं, "अप्पा, सरळ नळाचं पाणी सोडा की तिला." त्यांनी माझी कीव केली. "अहो, मुळाशी बारीक जीव हायत. आपला मळ खाऊन तेच तर पाणी साफ करतेत. चोख्या पाण्यावर उपाशी मरतील ना ते!" जिवांना उपाशी ठेवण्याचं पाप नको म्हणून आम्ही रविवारचे त्यांच्याकडे न्हायला लागलो.

तिथे न्हायचे कायदे कडक होते. डाळीचं पीठ नाहीतर शिकेकाई. साबण हवाच असेल तर अप्पा देतील ती वडी. उमरीहून आलेल्या माझ्या मेहुण्याने एकदा शांपूच्या पुड्या लपवून आत नेल्या. जरा वेळाने मागून आरोळी आली, "बंद करा ते पाणी! मासे मारताव काय माझे!" पहिला हौद फेसाने भरून गेला होता. मेहुणा डोक्यावर पांढरं पागोटं घेऊन, टॉवेल कसाबसा धरून बाहेर पळाला. अप्पा त्याच्याकडे न बघता, फेस शेवटच्या टाकीत पोचायच्या आत, गाळणीने मासे बादलीत काढत होते. मेहुणा डोकं धुवायला आमच्या घरी आला, तर आमच्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. तो दिवसभर तसाच बसला.

आता मी नांदेडला फ्लॅटमध्ये राहतो. बटण दाबलं की गरम पाणी येतं आणि अंगावरून उतरलं की भिंतीतल्या नळीतून खळखळत खाली जातं. कुठे जातं, हे इथे कुणी विचारत नाही. अशा वेळी अप्पांची फार आठवण येते. ती धुरकटलेली न्हाणी, तो तांब्याचा बंब, शिकेकाईने चुरचुरणारे डोळे, आणि बाहेर आल्यावर "बरं वाटलं का?" असं विचारणारा तो माणूस.

नांदेडला बदली झाली तेव्हा सामानाचा टेम्पो भरून उभा होता. अप्पा फाटकात आले. "जायच्या आधी आंघोळ करून जाताव का?" सकाळी घरीच झाली होती, तरी गेलो. न्हाऊन मागे आलो तर अप्पा कर्दळीपाशी वाकून, न्हाणीतून येणाऱ्या शेवटच्या पाण्यात हात धरून उभे होते.

"तुमची काकू होती तवा मी हितं उभा राहून पाण्यावरनं सांगायचो, आत कोण हाय ते," ते म्हणाले. "पोरं धबाधबा वतायची. ही तांब्या अर्धाच भरायची. तिचं पाणी लई हळू यायचं. आता तुमच्या समद्यांचंबी वळखू यायलंय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अप्पा, कर्दळ सांभाळा."

"कर्दळीचं काय हो? ती नळाच्या पाण्यावरबी जगंल." त्यांनी ओला हात धोतराला पुसला. "मलाच जमंना."

मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि आईला, बायकोला हाक मारली, "अप्पांकडे आंघोळ करून घ्या." बायकोचं न्हाणं सकाळीच झालं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बांधलेल्या गाठोड्यातून टॉवेल ओढून काढला. आधी आई गेली. आत तांब्या वाजला, तसे अप्पा सावकाश मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.