उलटा सातिया

"आठ दिवसांत बघा, आमची कस्तुरी उलटं-सुलटं सगळं इंग्रजीत घडाघडा बोलते की नाही!" पोह्यांवर शेव भुरभुरत नीरजाने जाहीर केलं.

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या, घराजवळच्या शाळेतल्या मॅडम म्हणे प्रवेशाच्या मुलाखतीत एवढ्याएवढ्याशा पोरांसमोर उलट्या वस्तू धरतात. कप अपसाइड डाउन, मोजा इनसाइड आउट, टोपी बॅक टू फ्रंट! शेजारच्या अस्मिताच्या अथर्वने मोज्याला नुसतंच 'छी' म्हटलं, आणि आता बिचारा रोज व्हॅनमध्ये पेंगत शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. कस्तुरीचा नंबर इथे लागला, तर नीरजाला ऑफिसला जाताजाता तिला सोडता येणार होतं. नाही लागला, तर त्या व्हॅनच्या वेळा सांभाळायला नोकरी सोडावी लागणार होती. आणि नोकरी तिला लेकीच्या खालोखाल लाडकी!

तिने घरालाच शाळा केलं. कप पालथे पडले, उशांचे अभ्रे आतलं अंग दाखवू लागले. नवऱ्याचा, मानसचा, टीशर्ट तर उदाहरणादाखल मागचा पुढे करून तसाच त्याच्या अंगावर राहिला. तो भाजी आणायला गेला, तर भाजीवाला म्हणाला, "भिया, गर्दन पीछे घूम गई क्या?"

पण कस्तुरी शिकली! शिकली कसली, दरोगाच झाली. राजेंद्र नगरात तिच्या तावडीतून उलटं काही सुटेना. बागेत तुकोजीकाकांची शीर्षासनात डोळे मिटून ब्रह्मानंदी टाळी लागली होती. "अंकल अपसाइड डाउन!" असं ओरडून तिने त्यांचे पाय असे काही ओढले, की काका सरळ गवतावर! नीरजाने दहादा माफी मागितली. पण मनातून ती अशी फुलली, जशी तेलात पुरी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सासूबाई, शोभनाताई, म्हणाल्या, "तुझं इंग्रजी असू दे. गणपतीच्या कानावर घालून येऊ." जुन्या इंदुरातल्या छत्रीबागेत वाढलेल्या बाईंपुढे कोण बोलणार? तिघी देवळात गेल्या. मागची भिंत कुंकवाच्या स्वस्तिकांनी भरलेली, आणि सगळी उलटी!

"आई, हे असं का?"

"मन्नत आहे ना! मागताना सातिया उलटा काढायचा, पूरी झाली की येऊन सीधा करायचा. तुमच्या सांगलीत नाही?"

"आमच्याकडे मनातल्या मनात मागतात."

"तरीच!" म्हणत सासूबाईंनी नातीच्या शाळेसाठी ठसठशीत उलटा सातिया काढला. दोघींनी हात जोडले, अख्ख्या अथर्वशीर्षापुरते डोळे मिटले.

तेवढंच चुकलं.

"मम्मी, सब बॅक टू फ्रंट था! मैंने ठीक कर दिया!"

डोळे उघडून बघतात तो कस्तुरी कोपरापर्यंत लाल! दिवाळीत आजीनेच तिला उंबऱ्यावर सातिया काढायला शिकवला होता. ते शिक्षण असं फळाला आलं. ओला रुमाल फिरवून, कुंकवात बोट बुडवून तिने आजीचा सातिया सरळ केला होता. शिवाय आजूबाजूचेही! तिचा हात पोचेल तिथवरच्या अख्ख्या इंदूरच्या मन्नती एका झटक्यात पुऱ्या झाल्या होत्या.

"अरे भाभीजी, मेरे छोरे की शादी की थी!" मागून एक बाई कळवळली.

"और मेरा तबादला?" उदयसिंह नावाचे जाड मिशांचे गृहस्थ गरजले. "हुआ नहीं, और सीधा हो गया?"

"होऊन जाईल भिया, होऊन जाईल," म्हणत सासूबाईंनी अख्खी कुंकवाची पुडी सोडली. कुणाचा कुठला ते कुणालाच आठवेना. सगळ्यांनी मिळून पुन्हा भिंत उलटी केली. मग सासूबाई नातीपुढे उकिडव्या बसल्या.

"बेटा, उलटं दिसलं तरी हात लावायचा नाही, बोलायचं नाही. कुणाची तरी मन्नत असते. समजलं?"

कस्तुरीने मान डोलावली. फारच गंभीरपणे.

दुसरी सकाळ लेकीला नटवण्यात गेली. नीरजा स्वतः कशीबशी तयार होऊन तिला घेऊन शाळेत पळाली.

मॅडमनी पालथा कप पुढे केला. "बेटा, व्हॉट इज राँग?"

कस्तुरीने कपाला नमस्कार केला.

मॅडमनी मोजा धरला. मोज्यालाही नमस्कार! टोपीपुढे तर तिने डोळेसुद्धा मिटले.

"घर पे सब बोलती है, मॅडम!" नीरजा खुर्चीच्या टोकावर आली.

"घर पे तो सभी बोलते हैं," मॅडम म्हणाल्या.

"बोल ना राणी... अप... अप..."

राणीने ओठ आणखी घट्ट मिटले. नीरजाला ऑफिसातली आपली खिडकीजवळची खुर्ची हळूहळू दूर जाताना दिसली.

मॅडम खुर्चीवरून वाकल्या. "डरो मत बेटा. बात क्या है?"

"उलटे को कुछ नहीं बोलते," कस्तुरी कुजबुजली. "मन्नत होती है. आजी ने बोला. कप अपसाइड डाउन है, मोजा इनसाइड आउट है, टोपी बॅक टू फ्रंट है. पर मैंने बोला क्या? नहीं बोला!" मग आईकडे वळून, अगदी समजूतदारपणे, "तुझी कुर्ती पण सकाळपासून इनसाइड आउट आहे, मम्मी. मी कुणाला सांगितलं नाही."

नीरजाने खांद्याकडे पाहिलं. सगळी शिवण बाहेर! गळ्यामागचं लेबल निशाणासारखं फडकत होतं.

मॅडम डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पदराने ते टिपत त्यांनी कस्तुरीचा गाल ओढला आणि नीरजाला म्हणाल्या,

"बाथरूम उधर है, मॅडमजी. मन्नत पूरी हो गई. अब सीधी कर लीजिए!"